तीन नंबर शांत असतो

१

आमच्या ह्यांना सगळं शहर ओळखतं, पण लांबून. नमस्कार करतात, हात कुणी पुढे करत नाही. सांडपाण्याचं खातं चालवतात ना हे. शहरानं नाक मुरडून मोरीत सोडलेलं, संडासात ओतलेलं, बेसिनातून वाहवलेलं, सगळं आधी आमच्या दारात येतं. जाळीवर चिंध्या आणि केस अडकतात, पाणी मोठ्या विहिरीत पडतं, आणि विहिरीतून पंप ते उचलून टाक्यांकडे ढकलतात. आमचं क्वार्टर फाटकाला लागून. पाहुण्या बायका विचारतात, "वास नाही का हो येत?" मी म्हणते, "एरवी नसतो. आज मात्र तुम्ही आल्यापासून येतोय." आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

निवृत्तीचं वय कधीच होऊन गेलंय ह्यांचं, पण सांडपाणी मंडळ सोडत नाही. दुसरं कुणी यायला तयार नाही. एकदा एक शिकलेला आला होता, विहिरीत वाकून बघितलं आणि जेवणाच्या आत पळाला.

ह्यांची एक सवय आहे. सकाळचा चहा झाला की हे विहिरीशेजारच्या कोरड्या खोलीत उतरतात. जमिनीखाली खोल, लोखंडी जिना, खाली ओळीनं तीन पंप. तिथं एक लाकडी दांडा ठेवलाय, झाडूच्या दांड्याएवढा, कान लावून लावून एक टोक गुळगुळीत झालेला. एक टोक पंपाला, दुसरं कानाला. डॉक्टर नळी लावतो ना छातीला, तसं. आतलं बेअरिंग झिजलं की आधी आवाजात कळतं म्हणे. डोळे मिटतात, मान कलती होते, आणि तोंडावर असं काही येतं, काय सांगू, लग्नातसुद्धा माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

मी चिडवायची, "सवतींना भेटून आलात का? मोठी काय म्हणते? धाकटी रुसली नाही ना?" आणि हे हसायचे. आता ह्यांचं हसणं सांगायलाच पाहिजे. आधी नाकातून बारीक शिट्टी. मग खांदे. मग गंजलेलं दार उघडावं तशी एक किरकिर, आणि शेवटी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसणं. शाळा माझी अर्धवट सुटली, पण हे हसू काढायची विद्या मी पुरती शिकले. आयुष्यभर तेवढाच एक धंदा केला म्हणा ना.

२

त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, म्हणून मी ह्यांना हाक मारायला गेले. जिन्याच्या वर उभी राहून खाली बघितलं. एक नंबर आणि दोन नंबर घुमत होते. हे तीन नंबरपाशी बसले होते. दांडा कानाला, डोळे मिटलेले, आणि मान हलत होती. आपण कुणाचं गाऱ्हाणं ऐकताना "हं, हं, मग?" करतो ना, तशी.

मी हाक मारणार, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. तीन नंबर बंद होता. नुसता बंद नाही, त्याची मोटार आणि आतला पंखा काढून वरच्या वर्कशॉपात नेला होता. आमच्या फिटरनं, ज्याला सगळे पाना म्हणतात, त्यानं तो माझ्या डोळ्यांदेखत साखळीनं वर ओढला होता. खाली उरलं होतं ते पंपाचं नुसतं रिकामं पोट. लोखंडाचं मडकं म्हणा. आत ना पाणी ना बेअरिंग.

"अहो," मी ओरडले. "फोन आलाय."

ते दचकले नाहीत. हळूच दांडा काढला, पोटावरून एकदा हात फिरवला आणि वर आले.

"तीन नंबरचं काय ऐकत होतात? तो तर वर दुरुस्तीला पडलाय."

"तो शांत असतो," म्हणाले. "म्हणून ऐकतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा करणं माझं खातं. ह्यांचं नाही.

३

त्याच सुमाराला जाळीवर कुणाची तरी कवळी सापडली. वरची, चांगली, एक दात सोन्याचा. जाळीवर काय काय येतं! बाहुल्या, चमचे, एकदा तर अख्खी चादर. पण दात पहिल्यांदाच. ते बघितल्याबरोबर माझं डोकं चालू झालं. मनाशी ठरवलं, ऑफिसच्या फळ्यावर लिहायचं, "दात सापडले आहेत. ज्याचे असतील त्याने ओळख पटवण्यासाठी चावून दाखवावे." ऑफिसात बिलं करते ती बिलवाली वाचेल, पाना वाचेल, आणि हे वाचतील तेव्हा ती शिट्टी, ती किरकिर. मला आधीच गुदगुल्या व्हायला लागल्या. कुणाला बोलले नाही. खडूसुद्धा अजून हातात घेतला नव्हता.

जेवताना म्हटलं, "अहो, ऐका, त्या दातांचं एक सुचलंय."

"चावून दाखवावे," हे म्हणाले. भाताकडे बघत. "ऐकलंय."

"कुणाकडून?"

"चांगलं आहे," म्हणाले आणि पाणी प्यायले.

हसले नाहीत. नाकसुद्धा हललं नाही. मी ह्यांच्या ताटाकडे बघत बसले. माझ्या पोटातली गोष्ट बाहेर यायच्या आधी कुणीतरी ह्यांच्या कानात घातली होती, आणि माझ्या वाट्याचं हसू तिथंच खाऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बिलवालीला धरलं. ती तोंडाची तिखट, पण खोटं बोलत नाही.

"तुम्ही साहेबांना काही सांगितलंत का, दातांचं?"

"काकू, साहेब हल्ली माझ्याशी 'सही कुठं करू' याच्यापलीकडे बोलत नाहीत. पूर्वी तुमचे किस्से सांगून मला कामातून उठवायचे. भांडलात का?"

"आमचं भांडण होतच नाही. मी जिंकते आणि ते जेवतात."

ती हसली. मी नाही.

४

डोकं आहे अजून माझं. मी विचार केला. भांडी घासताना मला बडबडायची खोड आहे. आमच्या मोरीचा सांडपाण्याचा नळ सगळ्यांत जवळचा, सरळ विहिरीत जातो. नळातून आवाज जात असणार. विहिरीतून पंपाच्या पोटात, पोटातून दांड्यात, दांड्यातून ह्यांच्या कानात. म्हणजे हे माझंच ऐकतात! जीव भांड्यात पडला. नवरा रोज खाली बसून चोरून बायकोची बडबड ऐकतो, यात वाईट ते काय? मला तर लाजच वाटली, या वयात.

तरी खात्री पाहिजे. मी मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा ठासला. तोंडाला कुलूप. आणि एक नवा किस्सा रचला, तोही घरात नाही, बाहेर कपडे वाळत घालताना, मनातल्या मनात. अध्यक्ष तपासणीला येणार होते, नेहमीसारखा नाकाला रुमाल लावून. तर ते विहिरीशी येतात, आणि विहिरीतून आवाज येतो, "रुमाल काय लावता साहेब? सकाळीच तर भेटलो होतो."

संध्याकाळी चहा घेऊन बाहेर बसलो. मी नुसतं म्हटलं, "अध्यक्ष आले होते ना आज, रुमाल लावून..."

"सकाळीच तर भेटलो होतो," हे म्हणाले.

मी कप ठेवून आत गेले. फडकं मोरीत तसंच होतं, मी जाऊन बघून आले. ओठ मी हलवले नव्हते. मग?

"अहो, खरं सांगा. खाली कोण आहे?"

हे माझ्याच भल्याचं सांगतोय अशा आवाजात म्हणाले, "तू शेवटाला घाई करतेस."

"काय?"

"किस्सा सांगताना. शेवट जवळ आला की तुला राहवत नाही, पटकन बोलून मोकळी होतेस. जरा थांबलं पाहिजे. थांबलं की मजा येते."

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भुताखेताची भीती वाटायला पाहिजे होती, नाही का? ती नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की कानामागून आली आणि तिखट झाली! माझेच किस्से, माझ्याच नवऱ्याला, माझ्याआधी सांगते, आणि वर माझ्यापेक्षा बरे सांगते. असेल कोण ती?

५

हे मंडळाच्या बैठकीला गेले तशी मी उठले. दुपारचं ऊन लख्ख होतं, पाना वर्कशॉपात मोटारीला रंग देत शिट्टी वाजवत होता. गुडघे धरत जिना उतरले. खाली गारवा, तेलाचा वास, आणि दोन पंपांची घरघर. तीन नंबर कोपऱ्यात. त्याच्या पोटाला एक बिजागरीचं झाकण आहे, ताटलीएवढं, अडकलेल्या चिंध्या हात घालून काढायला. ते अर्धवट उघडं होतं.

ह्यांच्या स्टुलावर बसले. दांडा उचलला. कानाकडचं टोक थोडं कोमट लागलं. हे तर केव्हाचे गेले होते.

दांडा लावला. आधी माझंच रक्त ऐकू आलं, सों सों. मग शेजारच्या पंपांची घरघर, लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी. मग तीही गेली. आणि मग काहीच नाही. पण काहीच नसणं दोन तऱ्हांचं असतं. रिकाम्या घरातलं एक, आणि दारामागे कुणी श्वास धरून उभं असतं ते एक. हे दुसरं होतं.

म्हणजे तिथं कुणी बोलत नव्हतं. कुणी ऐकत होतं.

शहाणी बाई असती तर वर गेली असती. पण ऐकणारा समोर आला की माझ्या जिभेला खाज सुटते, आणि शिवाय मला दाखवायचं होतं त्या मेलीला, कोण कसं सांगतं ते. मी झाकणाशी तोंड नेलं आणि बिनलग्नाच्या मावशीच्या पोपटाचा किस्सा सांगितला. तो मी ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदा सांगितलेला. आणि शेवटाशी थांबले. मुद्दाम. घाई न करता थांबले, आणि मग शेवट सोडला.

कान परत दांड्याला लावला.

आधी नाकातून बारीक शिट्टी आली.

मग गंजलेलं दार उघडल्यासारखी किरकिर.

ह्यांचं हसू होतं. नक्कल नाही हो, खरं. मी ते ओळखते, तुम्ही आपलं पोर ओळखता तसं. इतके दिवस घरात नव्हतं ते इथं होतं, या लोखंडी मडक्यात, आणि माझ्या किस्स्यावर हसत होतं. मला रडू यायला पाहिजे होतं. मला हसू आलं. इतकी हसले, इतकी हसले की दांडा हातातून गळाला, पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी. एवढी मी वर्षानुवर्षांत हसले नव्हते.

वर आल्यावर जरा हलकं हलकं वाटलं. वजन उतरल्यासारखं.

६

संध्याकाळी बिलवाली खुर्चीवर बसायला गेली आणि खुर्ची मागे सरकली. ही धप्पकन खाली, हातातली छत्री उघडली, आणि ती छत्रीखाली बसलेली. बरं, लागलं काही नाही, तीच खिदळायला लागली. मीही तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

परत प्रयत्न केला. खोकल्यासारखं काहीतरी झालं.

"काकू, घशाला काय झालं?"

"काही नाही गं," म्हटलं. पण हात गळ्याशी गेला. खिसा चाचपावा तसा चाचपला मी गळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा अर्धा टाकून खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा कान लाल, डोळे चमकत होते, आणि माझ्या नजरेला नजर देईनात. चोरून कुणाकडे जाऊन आलेला माणूस जसा येतो तसे.

"काय ऐकलंत एवढं?"

"तुझं..." म्हणाले आणि उरलेला चहा उचलला. मग म्हणाले, "तू तरुणपणी असं हसायचीस."

घ्या! माझं हसू ऐकायला हे खाली जाणार, ह्यांचं हसू ऐकायला मी खाली जायचं, आणि वर आम्ही दोघं समोरासमोर बसून दुखवट्याला आल्यासारखी तोंडं करून चहा पिणार.

मला दुसरं काही नको होतं. माझ्या नवऱ्याचं हसू घरात परत पाहिजे होतं. म्हणून मी पुन्हा उतरले. या वेळी ऐकवायला नाही, भांडायला.

दांडा लावला, आणि ऐकते तर दोघं हसत होती.

ह्यांची शिट्टी आणि माझी खळखळ. दोन्ही एकत्र. मोठ्यानं नाही, उशीत तोंड खुपसून हसतात तसं, शेजारच्या खोलीत कुणी जागं होऊ नये म्हणून. मध्ये काही कुजबुज, शब्द कळेना. मग पुन्हा हसू. माझ्यासाठी नव्हतंच ते. मी कान लावून बसलेय याचं त्यांना काही नव्हतं.

मग ती जी होती, जी मी होते, ती "शूऽऽ" म्हणाली. दोघं एकदम थांबली.

अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आपलाच नवरा, आपणच, आणि आपल्यालाच दाराबाहेर ठेवलंय.

७

वर आले ती थेट वर्कशॉपात.

"पाना भाऊजी, मोटार केव्हा बसणार?"

"वहिनी, मी कधीचा तयार आहे. साहेबच म्हणतात थांब, रंग वाळू दे. आता या रंगाला पोपडे यायची वेळ आली."

"उद्या बसवा."

"साहेबांना विचारून..."

"साहेबांना मी बघते."

बघावं लागलंच नाही. सकाळी दोन नंबर तापून बंद पडला. एकट्या एक नंबरला शहर झेपेना. विहिरीतलं पाणी चढायला लागलं आणि फोन सुरू झाले. सखल गल्लीतली एक बाई फोनवर ओरडत होती, "अहो, माझ्या न्हाणीघरातून उलटं येतंय! सासूबाई पलंगावर चढून बसल्यात!" एरवी मी तिला विचारलं असतं, सासूबाई उतरवायच्या की तशाच राहू द्यायच्या. त्या दिवशी सुचलं नाही. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

हे ऐकत राहिले. फोन ठेवला. चेहरा असा, की माझा जीव कळवळला आणि लगेच त्याच जागी कळ आली, कारण ते दुःख माझ्यासाठी नव्हतं.

"बसवायलाच पाहिजे," म्हणाले.

"मग बसवा."

"तुला कळतंय ना, पाणी भरलं की आत..."

"मला सगळं कळतंय," म्हटलं. "मला तर जास्तच कळतंय."

पानानं साखळीनं मोटार सोडली. पंखा पोटात उतरला, वरचे बोल्ट आवळले. पानानं हातानं पंखा फिरवून बघितला, सुळकन फिरला. आता आत मांजरसुद्धा मावणार नाही एवढी जागा. "वहिनी, मी वर पॅनेलपाशी जातो," तो म्हणाला. "साहेब, ते झाकण तेवढं लावा आणि हाक मारा." त्याचे बूट जिन्यावर वाजत गेले.

खाली आम्ही दोघं. ह्यांच्या हातात टॉर्च, माझ्या हातात बोल्ट आवळायचा पाना. झाकण उघडं होतं, बाहेरच्या बाजूला वळलेलं. हे पुढे होईनात.

"लावा ना," मी म्हटलं.

ह्यांनी टॉर्च झाकणावर धरला.

तेव्हा आतून बोटं आली.

सावकाश, घाई न करता. चार बोटं झाकणाच्या कडेवर टेकली, मग मनगट. ओलं नव्हतं, घाण नव्हतं. गुबगुबीत, गव्हाळ, नखं बारीक कापलेली. बायकांना आपला हात सांगावा लागत नाही. भांड्यांनी आणि धुण्यानं खाल्ला नव्हता तेव्हाचा माझा हात. त्यानं झाकण धरलं आणि आत ओढून घेतलं. लग्न झालेली जोडी खोलीचं दार लोटून घेते ना, बाहेरच्यांकडे न बघता, तसं. खट्कन बसलं.

माझ्या छातीत काय होत होतं ते भीतीचं होतं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी पुढे झाले आणि बोल्ट आवळायला लागले. एकेक. जोर कुठून आला कोण जाणे, पाना म्हणाला नंतर, वहिनी, हे बोल्ट तर मलाही सुटेनात. आवळताना मी कान दिला नाही. आतून काही आलं असेल तर ते ह्यांनी ऐकलं असेल, ह्यांचा हात दांड्यावर होता.

"चालू करा!" मी वर ओरडले.

धाडकन पाणी भरल्याचा आवाज आला, आणि मग तीन नंबर फिरायला लागला. लोण्यासारखा, जराही कंप नाही. वरून पानानं टाळी वाजवली. विहीर उतरायला लागली. सखल गल्लीतल्या सासूबाई तासाभरात पलंगावरून उतरल्या असतील.

हे तिथंच उभे. मग माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझा हात धरला. किती वर्षांनी! माझ्या हातातला पाना काढून खाली ठेवला. हात टॉर्चच्या उजेडात नेला, आधी पालथा बघितला, मग उताणा. बोटं एकेक करून सरळ केली, आणि वाकवून बघितली. मी श्वास धरून उभी.

मग त्यांनी तो भांड्यांनी खाल्लेला हात सोडून दिला आणि जिना चढायला लागले.